हुबळी जवळ, यवतमाळ आपलं

"आज्जा, पाय हलवू नका," पद्मिनी म्हणाली, आणि तात्यांनी पाय हलवला.

सकाळचं ऊन नुकतंच सोप्यात आलं होतं. तात्या भिंतीला टेकून बसले होते, उजवा पाय पाटावर, आणि पुढ्यात उकिडवी बसून त्यांची नात तळव्यातला बाभळीचा काटा काढत होती. काटा कधी मोडला हे तात्यांना ठाऊक नव्हतं. त्या तळव्याला काही कळायचंच बंद झालं होतं. साखरेचा आजार जुना, आणि अंगठ्याच्या बुडाशी चिंचोक्याएवढी जखम, ती उन्हाळ्यापासून भरायचं नाव घेत नव्हती. बेळगावच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, म्हातारबा, पायात काहीतरी घालत चला, नाहीतर आज बोट जाईल, उद्या घोटा.

तात्या पायात काही घालणार नव्हते. छप्पन साली नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आमची गावं एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवली, तेव्हा बाजारकट्ट्यावर उभं राहून त्यांनी पायातल्या कोऱ्या चपला मार्कंडेय नदीत फेकल्या होत्या. आमचं आंबेघोळ महाराष्ट्रात जाईस्तवर पायात वहाण घालणार नाही, असं गावासमक्ष म्हणाले. पुढं मोर्चे झाले, उपास झाले, हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आले, सगळं अनवाणी. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा त्या चपला वाहत वाहत घटप्रभेला जातात, तिथं एका फौजदाराला सापडतात, तो त्या पायात घालतो आणि दुसऱ्या दिवसापासून मराठीत शिव्या द्यायला लागतो. फौजदार सोडला तर बाकी सगळं खरं आहे.

मी शट्टुप्पा. गाव मला शट्टू थापाड्या म्हणतं आणि गावाचं बरोबर आहे. माझा गोठा ओढ्याच्या काठाला, ओढ्यापलीकडं महाराष्ट्र. पाहुणा आला की मी सांगायचो, राज्याची हद्द माझ्या गोठ्यातून जाते, म्हशीचं तोंड तिकडं आणि सड इकडं, वैरण कर्नाटकाची खाते, दूध महाराष्ट्रात देते, आणि शेणाचं काय करायचं यावर दोन तहसीलदारांचं अजून पटलेलं नाही. लोक हसायचे. तात्या हसायचे नाहीत. एकदा म्हणाले, "शट्टू, तुझ्या म्हशीच्या पोटातनं जाती ती हद्द. माझ्या पण पोटातनं जाती."

त्या सकाळी मी गेलो होतो तो घरातलं भांडण ऐकायला. पद्मिनी बारावीला तालुक्यात पहिली आली होती. बाप लहानपणीच गेला, आई सुनंदा शेत सांभाळायची, आणि पोरगी आज्ज्याच्या मांडीवर वाढलेली. डॉक्टर व्हायचं तिनं कधी ठरवलं ते कुणी विचारलं नाही. घरात एक पाय होता, तो रोज धुवायला लागायचा, त्यातच ठरलं असावं. दोन्हीकडच्या परीक्षा तिनं दिल्या आणि दोन्हीकडं नंबर लागला. कर्नाटकानं हुबळीचं सरकारी कॉलेज देऊ केलं. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या पोरांसाठी थोड्या जागा राखून ठेवतं, त्यातली एक यवतमाळची तिच्या वाट्याला येणार होती. त्यासाठी मुंबईला जाऊन हजर व्हायचं, आणि तीच आठवड्याची अखेर हुबळीलाही पैसे भरायची मुदत होती. एक घेतलं की दुसरं गेलं.

आता गंमत बघा. राज्यातलं कॉलेज कुठलं आणि परराज्यातलं कुठलं, हे ज्याला त्याला विचारून घ्यावं लागत होतं. सरकारी कागदाप्रमाणं हुबळी आमच्या राज्यातली, यवतमाळ परराज्यातलं. तात्यांच्या हिशेबानं उलटं. त्यातनं हुबळी इतकी जवळ की सकाळची भाकरी खाऊन निघावं आणि दुपारची तिथं खावी. आणि आपल्या राज्यातलं यवतमाळ म्हणजे बस, रेल्वे, परत बस, दोन दिवसांचा पल्ला.

"दर शनिवारी येतो की हुबळीहनं," पद्मिनी म्हणाली. आमच्याकडच्या बायका-पोरी पुरुषांसारख्याच जातो-येतो म्हणतात. "पट्टी बदलतो, सोमवारी जातो. यवतमाळहनं कोण येणार?"

"यवतमाळ आपलं हाय," तात्या म्हणाले.

"कुठं हाय ते तरी म्हाईत हाय का तुम्हाला?"

तात्यांनी बोट हवेत वर नेलं, थोडं उजवीकडं वळवलं. "हितनं वर. आपल्यातच."

काटा निघाला. तिनं तो नखावर घेऊन तात्यांना दाखवला, चांगला बोटाच्या पेराएवढा होता. तात्यांनी दुसऱ्याच कुणाच्या पायातला असावा तसा तो पाहिला. मग ती पट्टी गुंडाळत, वर न बघता म्हणाली, "बरं. मी यवतमाळला जातो. तुम्ही आजपास्नं चप्पल घाला."

आत सुनंदाच्या हातातली भाकरी थापायची थांबलेली मला ऐकू आली.

"शब्द दिलाय मी," तात्या म्हणाले.

"कुणाला? कट्टा पण पाडला आता. तिथं एसटीडी बूथ हाय."

"कट्ट्याला न्हवता दिला."

मी मध्ये पडलो, कारण असल्या शांततेत मला श्वास घेता येत नाही. म्हटलं, पद्मे, यवतमाळ काय साधं गाव आहे होय. तिथं कापूस इतका की माणसं उशीच घेत नाहीत, रानात जाऊन झाडाखाली डोकं टेकतात. आणि वाघ शिस्तीचे. शाळेची घंटा झाली की रस्त्याच्या कडेला रांगेत उभे राहतात, पोरं गेल्याशिवाय रस्ता ओलांडत नाहीत.

"काका, तुम्ही गेलाय तिथं?"

"न्हाई. गेलो असतो तर एवढं सांगता आलं नसतं."

ती हसली, तात्याही मिशीत हसले. सुनंदा बाहेर आली, पदराला हात पुसत सासऱ्याला म्हणाली, मामांजी, मुंबईला तर जाऊन या, पोरगीला बघू द्या. तेवढ्यावर मिटलं. पालक म्हणून तात्या जाणार, आणि तात्यांना धरून चालवायला मी.

बसच्या फाट्यावर तात्या पुढं उभे असताना पद्मिनीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, काका, मी तिथं जाऊन नको म्हणणार आहे. घरात म्हटलं तर आज्जा जेवायचं सोडतील. तिथं साहेबापुढं चारचौघांत काय करतील? उलट्या पावली हुबळीला जातो आणि पैसे भरतो. मला तिनं सांगितलं ते अशा हिशेबानं की मी कुणाला सांगितलं तरी खरं कोण धरणार.

दूधगंगेच्या पुलावर बस आली तशी तात्या जागेवरून उठून उभे राहिले. तो पूल ओलांडला की महाराष्ट्र, आणि तिथं ते बसून कधीच गेले नाहीत. कागल येईपर्यंत दांडीला धरून उभे. कंडक्टर म्हणाला, आजोबा, जागा आहे की, बसा. मी त्याला म्हटलं, बाबा, त्यांची जागा गेली छप्पन सालापास्नं, ती शोधतायत. पद्मिनी मात्र पुलाकडं बघत नव्हती. दर धक्क्याला तात्यांचा पट्टीचा पाय पत्र्यावर कसा टेकतो तेवढंच ती बघत होती.

मुंबईची ती कचेरी म्हणजे जुन्या सरकारी इमारतीतला एक लांब दिवाणखाना, वर पंखे, खाली रांगा. देशावरची, कोकणातली, विदर्भातली पोरं आपापले आईबाप घेऊन आलेली. सीमाभागाचं टेबल कोपऱ्यात, खांबाआड. तिथं चाळिशीच्या एक बाई होत्या, नाकावर चष्मा, मानेला घाम, बोलण्यात कंटाळा होता पण वाकडेपणा नव्हता. तात्यांचे उघडे पाय आणि पट्टी बघून त्यांनीच शिपायाला खुर्ची आणायला लावली. पद्मिनीचे कागद एकेक करून पाहिले. दहावीच्या मार्कशीटची एक प्रत कमी निघाली, तर म्हणाल्या, खाली जिन्यापाशी झेरॉक्स आहे, जाऊन ये, तोवर मी आजोबांचा फॉर्म बघते.

पद्मिनी गेली.

आजोबांचा फॉर्म आजोबांनी घरी बसून स्वतः भरला होता, बोरूनं लिहावं तशा अक्षरात. गाव आंबेघोळ. तालुका, जिल्हा, सगळं नीट. आणि राज्य या रकान्यात त्यांनी तेच लिहिलं होतं जे ते मनीऑर्डरीवर लिहायचे, लग्नपत्रिकेवर लिहायचे, आणि जे तुरुंगाच्या रजिस्टरात लिहून त्यांनी दोन थपडा खाल्ल्या होत्या. आमच्या गावात सगळे जुने लोक तसंच लिहितात. पोस्टमन बिचारा राज्य वाचत नाही, पिनकोड बघून पत्र टाकतो.

"आजोबा, इथं महाराष्ट्र लिहिलंय तुम्ही."

"व्हय."

"गाव कुठल्या राज्यात येतं?"

"लिवलंय की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "महाराष्ट्राचे रहिवासी असाल तर ही जागा तुम्हाला मिळत नाही. मग तुमची नात तिकडच्या मोठ्या रांगेत. ही जागा हद्दीपलीकडं राहणाऱ्यांसाठी आहे."

"आम्ही सीमाभागातलेच, बाई."

"ते कळतंय मला. राज्य सांगा."

मी म्हटलं, बाई, त्याचं असं आहे, माझ्या गोठ्यात एक म्हैस आहे. बाईंनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही पालक आहात का? मी नाही म्हटलं. मग थांबा जरा, म्हणाल्या.

"म्हैसूर," तात्या म्हणाले.

आयुष्यभर ते तिकडच्या सरकारला म्हैसूर सरकारच म्हणत आले. त्र्याहत्तर साली त्या राज्याचं नाव बदललं ते त्यांनी तोंडात घेतलं नव्हतं. आमच्या गावाला जोडून तर नाहीच.

"म्हैसूर नावाचं राज्य आता नाही आजोबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "मी समजू शकते. पण हा कागद मला पुढं पाठवायचा आहे, आणि तिथं चूक निघाली तर मुलीची जागा जाईल. तुम्ही तोंडानं सांगा, मी खोडून लिहिते. तुम्ही फक्त सही करा."

मागं रांगेत कुणीतरी खाकरलं. तात्यांनी एकदा दाराकडं पाहिलं. मला वाटलं, आता उठतात. आता म्हणतात की नको तुमची जागा, आणि पोरीला नको म्हणायची वेळच येत नाही, परस्पर काम होतं. खरं सांगायचं तर माझा पाय दाराकडं वळला पण होता.

तात्यांनी विहिरीत उतरताना काठ धरावा तशी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"कर्नाटक," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" बाईंना खरंच ऐकू आलं नव्हतं. वर पंखा होता.

"कर्नाटक. आमचं गाव कर्नाटकात हाय."

बाईंनी खोडलं, वर लिहिलं, कागद सहीसाठी फिरवला. मग त्यांनी तात्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि टेबलाच्या कडेला त्यांचा स्वतःचा पाण्याचा ग्लास बशीनं झाकून ठेवलेला होता, तो उचलला, बशी काढली आणि तात्यांपुढं सरकवला. तात्या त्या पाण्याकडं बघत राहिले. प्याले नाहीत. सही केली. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, ग्लास परत ओढून घेतला आणि वर बशी ठेवली.

त्यानंतर पद्मिनी खांबाकडून पुढं आली. झेरॉक्सचे कागद तिनं छातीशी धरले होते.

"यवतमाळ," बाई तिला म्हणाल्या. "घेणार ना?"

मी तयारीत होतो. तात्यांचा तोल गेला तर धरायला त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो होतो.

पद्मिनीनं आज्ज्याकडं पाहिलं. मग खाली, पट्टीच्या पायाकडं.

"घेतो," ती म्हणाली.

बाई दमलेलं हसल्या. "घेते म्हण गं. आता महाराष्ट्रात शिकणार तू."

"घेते," पद्मिनी म्हणाली.

मला काही कळेना. बाहेर आल्यावर तात्या नळावर तोंड धुवायला गेले, तेव्हा मी तिला विचारलं, काय गं, नको म्हणणार होतीस ना? ती म्हणाली, "वाघ रांगेत उभे राहतात म्हणालात की. बघून येतो." एवढंच. मी म्हटलं, वयात आलेल्या पोरीचं मन, फिरलं असेल.

परतताना कोल्हापूरच्या स्टँडवर बस थांबली तशी तात्या म्हणाले, उतरा, पुढच्या गाडीनं जाऊ. आणि आम्हाला मागं घेऊन लंगडत, पण न थांबता, चपलांच्या ओळीकडं चालायला लागले. दुकानदारानं गोंड्याच्या काढल्या, जाड तळाच्या काढल्या, एक जोड तर अशी करकरणारी की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानं वळून बघावं. हौसेनं वाकवून आवाज ऐकवला त्यानं.

"आवाज न्हाई करायच्या द्या," तात्या म्हणाले.

साधी, बिनगोंड्याची, मऊ पट्ट्याची निघाली. पद्मिनी खाली बसली आणि तिनं त्यांच्या पायात घातली, डावी आधी, मग उजवी, पट्टीवरून पट्टा सारखा करत. किती वर्षं ती या चपलेसाठी भांडत होती. मला वाटलं होतं, पोरगी दुकानात नाचेल. तिनं नुसतं विचारलं, "चावतंय का?"

"कळत न्हाई," तात्या म्हणाले.

उठून चार पावलं टाकली तर त्यांना चालताच येईना. चिखलातून पाय उपसत चालावं तसे चालत होते. मी आपलं हलकं व्हावं म्हणून म्हटलं, तात्या, पोरगी महाराष्ट्रात निघाली, म्हणजे शपथ पुरी झाली म्हणायची.

"पुरी न्हवं शट्टू. सुटली," तात्या म्हणाले.

पद्मिनी खालीच बसलेली होती. जुन्या पट्टीचा सुटलेला धागा ती बोटाला गुंडाळत राहिली, मान वर केली नाही.

आमच्या फाट्यावर बसमधून उतरलो. तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं, चपला काढल्या, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिल्या. "तुझ्या गोठ्यात ठेव," म्हणाले. मी त्या माझ्या पिशवीत धोतराखाली घातल्या, आणि आम्ही तिघं गावात गेलो.

वेशीवर अर्धा गाव जमला होता. गावातली पहिली डॉक्टरीण, तीही महाराष्ट्राच्या जागेवर. हलगी होती, हार होता. सुनंदानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तात्या हार घालून घेऊन गर्दीतून सरळ घरी गेले, तेव्हा सगळे माझ्याकडं वळले. काय झालं मुंबईत? साहेब काय म्हणाला? तात्या काय बोलले? मी तात्यांकडं पाहिलं. ते पाठमोरे जात होते, अनवाणी, आणि पोरंबाळं बाजूला होऊन त्यांना वाट करून देत होती.

आणि मी सांगितलं. साहेबीण होती, म्हटलं. तिनं विचारलं, गाव कुठल्या राज्यात? तर तात्यांनी अशी मूठ आपटली टेबलावर की वरचा पंखा बंद पडला. महाराष्ट्र, म्हणाले, आणि ती गर्जना ऐकून बाई खुर्चीवरून उठल्या, बाई उठल्या म्हणून शेजारचे उठले, बघता बघता सगळी कचेरी उभी. शिपायानं कडक सलाम ठोकला. अशा माणसाच्या नातीला जागा नाही द्यायची तर कुणाला, असं म्हणून सही करून दिली.

माझ्या जन्मात पहिल्यांदा गावानं माझी गोष्ट जशीच्या तशी खरी मानली. एकानंही विचारलं नाही की पंखा मुठीनं कसा बंद पडतो.

पद्मिनी यवतमाळला गेली. तात्या रोज दुपारी माझ्या गोठ्यावर यायचे. वैरणीच्या माळ्यावरून मी चपला काढून द्यायचो. त्या घालून ते ओढ्यापर्यंत जायचे, जरा वेळ पलीकडं बघायचे, परत यायचे, चपला झटकून माझ्या हातात द्यायचे आणि उघड्या पायांनी गावात जायचे. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. म्हैस बघायची फक्त. रविवारी जुन्या कट्ट्याच्या जागी त्या बूथवर पद्मिनीचा फोन यायचा. चप्पल घालताय का, ती विचारायची. घालतोय, तात्या सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. जखम कशी हाय? भरत आली. हे खोटं होतं, आणि मी या धंद्यात मुरलेला माणूस, मला त्यांचं खोटं चांगलं जमतंय असं काही वाटलं नाही. पण फोनपलीकडून ती नुसतं बरं, म्हणायची.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत अंगठा काळा पडला. बेळगावला नेलं, घोट्याच्या वर कापू म्हणाले, त्याआधीच विष अंगात पसरलं होतं. पद्मिनीला कळवलं तेव्हा ती निघाली ती बस, रेल्वे, परत बस करत. आपलं यवतमाळ तेव्हाही तितकंच लांब होतं.

ती वाटेत असतानाच तात्या गेले, ती येईपर्यंत त्यांना सोप्यात ठेवलं होतं. आसपासच्या गावांतून माणसं आली होती, तीर्थाला यावं तशी येत होती आणि त्या पायांवर डोकं ठेवत होती. बायकांनी पट्टीवरच कुंकू वाहिलं. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, शेवटपर्यंत शब्द मोडला नाही म्हाताऱ्यानं. पद्मिनी आत आली, त्या पायांपाशी बसली आणि हे सगळं ऐकत राहिली.

तिसऱ्या दिवसानंतर ती गोठ्यावर आली. म्हणाली, काका, चपला द्या. मी माळ्यावरून काढून दिल्या. तिनं उलट्या करून तळ पाहिले, आधी एकीचा, मग दुसरीचा. उजवीची टाच झिजून गेली होती, पुढचा भाग कोरा होता. अजून पुरती डॉक्टर न झालेली पोर ती, पण चपलेकडं डॉक्टर बघतात तशी बघत होती.

"पुढं टेकवतच न्हवते. जखम भरत न्हवतीच," ती म्हणाली. मग चपला सुलट्या करत, "दर शनिवारी आलो असतो मी."

चपला पिशवीत घालून ती गेली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पद्मिनीचा दवाखाना ओढ्यापलीकडं, चंदगडच्या बाजूला आहे. साखरेचे पाय बघायला लांबून माणसं येतात. ती म्हणे पेशंटला आधी पाय दाखवायला लावते, मग तोंड. आंबेघोळ अजून आहे तिथंच आहे. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला गाव दंडाला काळी फीत बांधून देवळापुढं बसतं, भाषणं होतात, आणि शेवटी मला उभं करतात. शट्टुप्पा, तात्यांची मुंबईची गोष्ट सांगा. गोष्टही माझ्याबरोबर वाढली आहे. आता तिच्यात वरच्या मजल्यावरून मंत्री उतरून येतो, आणि तात्यांच्या पायाची धूळ पुडीत बांधून घेतो. लहान पोरांना ती पाठ आहे. मी पंख्यावर आलो की तीच ओरडतात, बंद पडला.

गेल्या वर्षी पद्मिनी आली होती. पहिल्यांदाच. केस पिकायला लागलेत तिचे. पुढंच बसली, बायकांत, मांडी घालून. मी जरा अडखळलो, पण गोष्ट सुरू झाली की मला थांबता येत नाही. मूठ आपटली, पंखा बंद पाडला, कचेरी उभी केली, मंत्र्याला जिन्यावरून उतरवलं. टाळ्या झाल्या. मी खाली बसणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, पाण्याचं राहिलं."

"कसलं पाणी?"

"बाईंनी आपला ग्लास आज्जांपुढं केला न्हवता का. वरची बशी काढून."

मी ते पाणी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. गोष्टीत त्याला जागाच नव्हती. ग्लास पुढं आला आणि मागं गेला, बशी परत झाकली गेली, आणि मग ती खांबाकडून पुढं आली होती, कागद छातीशी धरून. म्हणजे त्याआधीपासून ती खांबाआड उभी होती. किती वेळ होती ते आता मला विचारायचं नव्हतं.

देवळापुढं सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. एक शाळकरी पोर म्हणालं, "मग प्याले का तात्या?"

हजार थापा मारल्या मी जन्मात. एकीवरही अडलो नव्हतो. त्या वेळी अडलो.

"प्याले की," पद्मिनी म्हणाली. ती पोराकडं नाही, माझ्याकडं बघत होती. "घटाघटा. सगळा ग्लास."

"व्हय," मी म्हटलं. "म्हातारा झालो, विसरलोच. सगळा प्याले."